जंगलातला लॉज: आठ वर्षांचा मुलगा, बहात्तरच्या सासूबाई आणि चार रात्री

मधली_सुट्टी
नमस्कार मंडळी. जूनअखेरीस आम्ही पाच जण पेरूला निघालोय. आम्ही दोघं, मुलगी (१३), मुलगा (८) आणि सासूबाई (७२). कुस्को, माचू पिचू हे सगळं ठरलं. घोडं अडलंय अॅमेझॉनच्या जंगलावर. नवऱ्याने तांबोपाता नदीवरचा एक इको-लॉज शोधलाय. प्वेर्तो माल्दोनादोपर्यंत विमान, पुढे गाडी, मग नाव. चार रात्री.

माहितीत असं लिहिलंय की खोलीला तीनच भिंती आहेत, चौथी बाजू जंगलाकडे उघडी. वीज ठरावीक तास. खोलीत वायफाय नाही. नवरा म्हणतो, "त्यासाठीच तर जायचं!" मुलगी म्हणते, "चौथी भिंत नाही म्हणजे?" मुलाला जग्वार बघायचाय, त्याखाली काही नको. सासूबाई काहीच बोलत नाहीयेत, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटतेय.

मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन अशा ठिकाणी कोणी राहिलंय का? चार रात्री जास्त होतात का? आणि त्या 'इको'ला खरंच काही अर्थ असतो का?

चष्मेबद्दूर
चौथी भिंत नाही म्हणजे ती खोली नव्हे, रंगमंच. प्रेक्षक झाडावर बसलेले असतील. तालीम करून जा.

रानवारा
आम्ही त्याच नदीवर राहिलोय, मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. जरा सविस्तर लिहिते.

उघड्या बाजूची भीती पहिल्या रात्रीपुरतीच. पलंगाला जाड मच्छरदाणी असते, ती गादीखाली नीट खोचली की आत आपलं वेगळं घर. खरी परीक्षा आवाजांची. अंधार पडला की बेडूक, रातकिडे, मध्येच पाण्यात काहीतरी 'डुब्ब'. आणि पहाटे पावणेपाचला हाऊलर माकडं. कोणी न सांगता पहिल्यांदा ऐकलं तर माकडाचा आवाज आहे हे डोक्यातच येत नाही. बोगद्यातून वारा घोंघावत यावा तसं काहीतरी, आणि चढत जातं. घशातलं एक हाड पोकळ डब्यासारखं फुगलेलं असतं, त्याने आवाज घुमतो आणि काही किलोमीटर जातो. माझा मुलगा माझ्या पांघरुणात घुसला होता. तिसऱ्या दिवशी तोच मला उठवून सांगत होता, "आई, आज उशीर झाला त्यांना."

आता कामाचं. गमबूट. लॉजवर देतात, पण ते मोठ्यांच्या मापाचे. लहान मापाचे आहेत का हे आधी लिहून विचारा. आमच्याकडे नव्हते. पोराने चार दिवस दोन-दोन मोजे घालून आईच्या मापाचे बूट ओढले, आणि एक बूट चिखलात रुतून तिथेच राहिला. मार्गदर्शकाने काठीने उपसून काढला तेव्हा आत एक छोटा खेकडा होता. मुलाच्या आठवणीत जग्वार नाही, तो खेकडा आहे.

आडगाव_बुद्रुक
जग्वारचं मुलाला आत्ताच सांगून ठेवा. असतात, दिसतातही, पण बहुतेकांना नाही. दाट जंगलात दहा हातांवर उभा असला तरी कळायचं नाही. लॉजवाला "नक्की दिसेल" म्हणत असेल तर लॉज बदला.

गोळी_आणि_सल्ला
पेशाने डॉक्टर आहे. हे सर्वसाधारण लिहितोय, तुमच्या डॉक्टरांना पर्याय म्हणून नाही.

पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस आत्ताच मनावर घ्या. प्रवासाआधी किमान १० दिवस हवी. आपल्याकडे ती ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. २०१६ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पेरूसारख्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जंगलापेक्षा ते जास्त कंटाळवाणं असेल.

मात्र सासूबाईंसाठी स्वतंत्र भेट घ्या. ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीपुढच्यांना पहिल्यांदा देताना दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. द्यायची की नाही हे त्यांची औषधं, आजार पाहून ठरवतात. सगळ्यांना एका रांगेत उभं करून टोचून घेऊ नका.

मलेरियाच्या गोळ्या लागतील का, कोणत्या, हेही तेव्हाच विचारा. अॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल दिली तर ती एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावरही सात दिवस घ्यायची असते. लोक हमखास चुकतात ते इथे. बॅग रिकामी झाली की गोळ्याही बंद.

वाकडी_वाट
'इको'बद्दल विचारलंय म्हणून. माझा अनुभव कडू आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

दुसऱ्या एका देशात आम्ही अशाच 'इको' पाटीखाली राहिलो. रात्रभर जनरेटर. नदीकाठी कचऱ्याचा खड्डा, तोही नावेतून दिसेल असा. आणि सकाळी एक माणूस स्लॉथ घेऊन आला. पोरांच्या गळ्यात घालायचा, फोटो काढायचा, पुढच्या कुटुंबाकडे न्यायचा. माझ्या मुलीने घेतला आणि मीच फोटो काढला, हे कबूल करतो. नंतर वाचलं की हा प्राणी झाडावरून साधारण आठवड्यातून एकदा उतरतो, तेही शी करायला. त्याला दिवसभर चाळीस हातांमधून फिरवत होते, आणि त्याचा तो हसरा चेहरा म्हणजे नुसती ठेवण. आम्हाला वाटलं खूश आहे.

१९८३ च्या सुमारास हेक्तोर सेबायोस-लास्कुरेन या मेक्सिकन वास्तुविशारदाने 'इकोटुरिझम' हा शब्द रुजवला म्हणतात. त्या माणसाला आज काय वाटत असेल कोण जाणे. माझं मत: पाटी वाचू नका, प्रश्न विचारा. सांडपाणी कुठे जातं? मार्गदर्शक कुठले? जमीन कोणाची? प्राणी हाताळू देता का? शेवटच्याला "हो, मुलांना फार आवडतं" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

रानवारा
@वाकडी_वाट, पटलं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. त्याच तांबोपातावर 'पोसादा आमासोनास' नावाचा लॉज आहे. तिथल्या एसे एहा आदिवासी आणि इतर कुटुंबांच्या गावाने १९९६ मध्ये एका कंपनीशी वीस वर्षांचा करार केला, नफ्यातले ६० टक्के गावाचे, ४० कंपनीचे. लॉज १९९८ मध्ये सुरू झाला. गावाचं नाव मात्र इन्फिएर्नो. स्पॅनिशमध्ये अर्थ 'नरक'.

चष्मेबद्दूर
म्हणजे सुट्टीत नरकात जायचं, आणि तिथे चौथी भिंतही नाही. सासूबाई गप्प का आहेत ते कळलं.

निवांत
मला एक कळत नाही. चार रात्री झाडं बघून काय करायचं? एवढा प्रवास करून मुलांना घेऊन जायचं आणि प्राणी दिसेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा चांगलं प्राणिसंग्रहालय काय वाईट? सगळे प्राणी, सावली, स्वच्छतागृह, संध्याकाळी घरी.

आडगाव_बुद्रुक
निवांतराव, कधी गेला आहात का? की उंटावरूनच?

निवांत
गेलो नाही म्हणूनच विचारतोय. शेळ्या हाकत नाहीये.

वाकडी_वाट
प्रश्न रास्त आहे हो त्यांचा. सगळ्यांच्या मनात असतो, विचारत कोणी नाही. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी ढसाढसा रडली होती, 'काहीच होत नाही' म्हणून. उकाडा, घाम, बाहेर पाऊस, फोन बंद. ते दोन तास कोणी माहितीपत्रकात छापत नाही.

पाणमांजर_प्रेमी
माझं सदस्यनाव बघून समजलंच असेल. निवांत, तुमच्यासाठी एक सकाळ सांगतो.

या नद्या वळणं टाकून देतात आणि मागे नालाकृती सरोवरं राहतात, शाळेत भूगोलात आकृती काढायचो तीच. तिथे राक्षसी पाणमांजरांची कुटुंबं राहतात. माणसाएवढी लांब. पहाटे आम्ही दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्यावर निघालो. इंजिन नाही, मागे एक जण वल्हवतोय. पाऊण तास काही नाही. धुकं. मुलं जांभया देतायत. मग मार्गदर्शकाने नुसता हात वर केला.

आधी ऐकू आलं. कुर्रम्, कुर्रम्. कोणीतरी काकडी खावी तसं. पाणमांजर उताणं पोहत, दोन्ही पंजांत मासा धरून डोक्याकडून खात होतं. मग एकेक करत सहा डोकी पाण्याबाहेर ताठ उभी राहिली आणि आमच्याकडे बघून फुरफुरली. प्रत्येकाच्या गळ्यावर फिकट डाग असतो आणि एकासारखा दुसऱ्याचा नसतो. अभ्यासक त्यावरूनच ओळखतात. मार्गदर्शकाने मुलांना वही दिली, "डाग काढा आणि नावं ठेवा." माझ्या पुतण्याने एकाला आमच्या गणिताच्या सरांचं नाव दिलं. पुढचा तासभर नावेत 'सर कुठे गेले' एवढीच चर्चा.

पिंजऱ्यातलं पाणमांजर मीही बघितलंय. पण त्याच्यासाठी पाऊण तास थांबलो नव्हतो.

निवांत
बरं. काकडीवर विचार करतो.

तिसरी_घंटा
मी ६९ वर्षांची आहे. गुडघे दोन, दोन्ही कुरकुरणारे. मुलाबरोबर गेले होते त्या भागात. वर एवढं सगळं लिहिलंत, पण सासूबाईंना स्वतःला कोणी काही विचारलंय का?

म्हाताऱ्या माणसाची अडचण जंगल नसतं, पायऱ्या असतात. कोरड्या दिवसांत, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, नदी उतरलेली असते. त्यामुळे नावेतून उतरल्यावर काठ चढायला जास्त लागतो. जिना लाकडी, ओला, आणि उंची एकसारखी नाही. किती पायऱ्या आहेत आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का, हे पत्र पाठवून विचारा. खोलीपासून जेवणघरापर्यंत लाकडी पूल किती लांब, तेही. सगळ्यात जवळची खोली मागून घ्या. मिळते.

दुसरं, रात्री उठावं लागतं का त्यांना? दिवे बंद झाल्यावर मच्छरदाणी उचलायची, विजेरी शोधायची, चपला झटकायच्या, मग जायचं. मी विजेरी मनगटाला बांधून झोपायचे. हे कोणी विचारलं नाही म्हणून त्या गप्प असतील. सगळ्यांसमोर कोण सांगणार?

उंच मनोऱ्यावर मी चढले नाही. खाली दोरीच्या झोळीत बसून राहिले आणि पानकापी मुंग्यांची रांग बघितली. प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवा तुकडा, पालखी निघाल्यासारख्या. मला वाटायचं पानं खातात. नाही खात. बिळात नेऊन त्यावर बुरशी पिकवतात आणि ती खातात. शेती करतात हो! दीड तास कसा गेला कळलं नाही. वरून उतरलेल्यांना ढग दिसले होते.

मधली_सुट्टी
@तिसरी_घंटा, तुमचं वाचून लगेच आत जाऊन विचारलं. बरोबर तेच निघालं. रात्री दोनदा उठावं लागतं, आणि "उघड्यावर जायचं असेल तर मी कुस्कोतच थांबते" असं मनात धरून बसल्या होत्या. न्हाणीघर खोलीतच आहे हे मी सांगायलाच विसरले होते. आता विजेरी कुठली घ्यायची यावर चर्चा चालू आहे. मनापासून आभार.

लांबचा_मामा
विजेरी: कपाळावर बांधायची घ्या, लाल उजेडाची सोय असलेली. पांढऱ्या उजेडाला किडे थेट तोंडावर येतात, लालला कमी. अंधाराला सरावलेले डोळेही बिघडत नाहीत. जमल्यास एक छोटी अतिनील विजेरीही घ्या. तिच्या उजेडात विंचू निळसर-हिरवा चमकतो. मुलांना वेड लागतं.

दुर्बीण: ८x४२. आठ म्हणजे किती पट जवळ दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेऊ नका, हात हलतो आणि पक्षी नाचतो. पाच जणांत एक नेलीत तर भांडणं. दोन न्या.

डासांचं औषध: डीट असलेलं, २० ते ३० टक्के पुरे. ऊन्हाचं मलम आधी, हे नंतर. आणि हाताला लावून लगेच चष्मा, घड्याळ, दुर्बीण धरू नका. डीट प्लास्टिक विरघळवतं. माझ्या घड्याळाच्या काचेवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय. पोलिसांना सोपं जाईल.

चष्मेबद्दूर
मामा, विंचू चमकतो हे सासूबाईंना रात्री दोनच्या फेरीआधी सांगायचं की नंतर?

कापूसकोंडा
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. स्वेटर!

हसू नका. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड हवेची लाट त्या भागात घुसते. तिथे 'फ्रियाहे' म्हणतात. काल तीस-बत्तीस अंश आणि आज दहा-पंधरा, सोबत वारा आणि झिमझिम. आम्ही 'अॅमेझॉन म्हणजे उकाडा' या भरवशावर पातळ सुती कपडे घेऊन गेलो. उघड्या खोलीत तीन रात्री रेनकोट घालून झोपलो. प्राणीही दडी मारून बसतात. साप नाही, फुलपाखरू नाही. मकाव पोपटसुद्धा मातीच्या कड्यावर उतरले नाहीत, आणि आम्ही खास त्यासाठी पहाटे चारला उठलो होतो.

मधली_सुट्टी
मातीचा कडा म्हणजे?

पाणमांजर_प्रेमी
नदीकाठची उभी चिकणमातीची भिंत. त्यांच्या भाषेत कोल्पा. पहाटे पोपट येतात, आधी छोटे हिरवे, मग मोठे लाल-निळे मकाव, आणि भिंतीला लटकून माती खातात. समुद्रापासून इतक्या लांब जंगलात सोडियम फार कमी मिळतं, ते या मातीत असतं, हे त्यामागचं मुख्य कारण मानतात. पण भित्रे भयंकर. एक ससाणा वरून गेला की दोनशे पंख एकदम उडतात, आणि मग "उद्या या." पावसातही येत नाहीत. म्हणून म्हणतो, चार रात्री जास्त नाहीत. दोन रात्रींत एकच पहाट हाताशी लागते, तीही पावसाची असू शकते.

जळू_आणि_मी
अवांतर: आम्ही बोर्निओत किनाबातांगान नदीवर गेलो होतो. नाकाड्या प्रोबोसिस माकडांसाठी. तिथल्या जंगलात वाटेवर जळवा! गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे मिळतात, ते पँटवरून चढवायचे. माझ्या बायकोने तिच्या मोज्यावर चढलेल्या सतरा मोजल्या. माझ्या अंगावर एकच सापडली, पण ती नाभीत. पेरूवाल्यांनी तक्रार करू नये.

चष्मेबद्दूर
ही माहिती परत घेता येईल का?

आडगाव_बुद्रुक
मूळ प्रश्नाकडे येतो. क्रम कोणता ठरवलाय? कुस्को जवळपास ३४०० मीटरवर, प्वेर्तो माल्दोनादो दोनशेच्या आत. लोक आधी डोंगर, मग जंगल करतात. सासूबाई बरोबर असतील तर मी उलट करीन. आधी जंगलात झोप, विमानाचा शीण उतरवा, मग चढा.

गोळी_आणि_सल्ला
पूर्ण सहमत नाही. जंगलात राहून उंचीची सवय होत नाही, कुस्कोला पोचल्यावर पहिले दोन दिवस तसेही सबुरीने घ्यावे लागतील. पण थकलेल्या शरीराने उंचीवर जाऊ नये हा मुद्दा बरोबर. क्रम कोणताही घ्या, कुस्कोतला पहिला दिवस रिकामा ठेवा.

मधली_सुट्टी
आलो परत! जुलै संपत आला, उशीर झाला लिहायला, क्षमस्व.

आधी जंगल, मग डोंगर केलं. लस: आम्हा चौघांना दिली. सासूबाईंना डॉक्टरांनी सगळं तपासून नको म्हटलं आणि तसं सूटपत्र लिहून दिलं. त्यांच्यासाठी लांब बाह्या, मच्छरदाणी आणि डीट याबाबत घरात लष्करी शिस्त होती.

जग्वार दिसला नाही. ओल्या वाळूत पंजाचा ठसा दिसला, मुलाने शेजारी आपला हात ठेवून फोटो काढला आणि आता शाळेत "जवळजवळ दिसला" असं सांगतोय. कड्यावर पहिल्या पहाटे धुकं, दुसऱ्या पहाटे मकाव. @कापूसकोंडा, तुमच्यामुळे स्वेटर नेले. तिसऱ्या रात्री फ्रियाहे आलाच. शेजारच्या खोलीतलं कुटुंब टॉवेल पांघरून जेवायला आलं होतं.

मुलीची पहिली दुपार @वाकडी_वाट यांनी लिहिली तशीच गेली, रडारडीसकट. मग तळ्यावर होआत्झिन नावाचा पक्षी दिसला. डोक्यावर विस्कटलेला तुरा, पानं पोटात आंबवतो म्हणून अंगाला शेणासारखा वास, आणि पिल्लांच्या पंखांना नख्या. "हा पक्षी सकाळी सातच्या तासाला बसलेल्या माझ्यासारखा दिसतो," म्हणाली. तिथून पुढे वही तिच्या हातातून सुटली नाही.

चूक आमची एकच: बूट. विचारलं होतं, "आहेत" असं उत्तर आलं, प्रत्यक्षात एकच जोड आणि तो दुसऱ्या मुलाच्या पायात. @रानवारा, दोन मोजे. खेकडा नाही निघाला.

सासूबाईंनी जिना हळूहळू चढला, एकशे बारा पायऱ्या, तीनदा बसून. मनोरा नाही, पण तळ्यावर आल्या. पाणमांजरं पाच दिसली. रात्रीची विजेरी मनगटाला. शेवटच्या दिवशी निघताना "अजून दोन दिवस राहिलो असतो" हे वाक्य त्यांचं होतं, नवऱ्याचं नव्हे. त्याला एव्हाना वायफाय हवं होतं.

निवांत
काकडीचा आवाज आला का?

मधली_सुट्टी
आला. थेट काकडी. तुम्ही जाऊन या खरंच.

मधली_सुट्टी
सासूबाई शेजारी बसून सगळा धागा वाचतायत. त्यांच्या सांगण्यावरून टंकतेय:

"तिसरी घंटा यांना नमस्कार. तुमचा निरोप मिळाला नसता तर मी हॉटेलात बसून राहिले असते. मुंग्या मीही बघितल्या. आणि पायऱ्या एकशे बारा नाहीत, एकशे अठरा आहेत. चढताना सूनबाई बोलत होत्या, मी मोजत होते."

तिसरी_घंटा
एकशे अठराच आहेत.